मी न्हाय असं समज

वीस मिनिटं. वीस मिनिटांत कुकरच्या चार शिट्ट्या होतात, बाकी काही होत नाही. मुडशिंगीतल्या आमच्या घरातून निघून बिंदू चौकात पोचायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. मला वैमानिकाचं लायसन मिळायला नेमकी तेवढी वीस मिनिटं कमी पडत होती आणि ती कुठल्याही दुकानात विकत मिळत नव्हती.

नियम आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला रडगाणं वाटेल. नोकरीच्या लायसनसाठी दोनशे तास उड्डाण लागतं. त्यातले शंभर तास कमांडचे, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक तुम्ही स्वतः होता असे. शिकणाऱ्यासाठी यात फारसं डोकं चालवावं लागत नाही. शेजारी शिक्षक बसलेला असला तर तो तास शिकवणीचा, मग सगळं विमान तुम्ही एकट्यानं चालवलेलं असो. शेजारची खुर्ची रिकामी असली तर तो तास कमांडचा. आणि हे सगळे तास अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांतलेच हवेत. त्याआधीचे गळून जातात.

माझे कमांडचे तास एकदा एकशे दोन झाले होते. तेव्हा रात्रीची उड्डाणं राहिली होती. मग विमान इंजिनापायी अकरा महिने उभं राहिलं. रात्रीची उड्डाणं कशीबशी उरकली, तोवर पाच वर्षांपूर्वीचे माझे पहिले सोलो, म्हणजे एकटीनं केलेली उड्डाणं, एकेक करून गळायला लागले. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे, तसलं काम. अठ्ठावीस जुलैला माझे कमांडचे तास भरत होते नव्व्याण्णव तास चाळीस मिनिटं. आणि लेखी परीक्षांची मुदत एकतीस जुलैला संपत होती. तोवर अर्ज गेला नाही तर सगळ्या परीक्षा पुन्हा. त्या देईपर्यंत आणखी तास गळणार, ते भरेपर्यंत आणखी काहीतरी संपणार. एकविसाव्या वर्षी शिकायला लागले होते, आता सव्वीस पुरी झाली होती. माझ्याबरोबरीच्या पोरींची पोरं बालवाडीत जायला लागली.

वर पुन्हा ढग. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर ते चौदा दिवस मुक्काम ठोकून होते. टॉवरचं वरचं टोक दिसलं तरी आम्ही खूश व्हायचो.

आमचं फ्लाइंग स्कूल म्हणजे एक हँगर, एक विमान आणि विजयसिंह सर. सर अठ्ठावन्न वर्षांचे. मुख्य शिक्षक तेच आणि एकुलते एक शिक्षकही तेच. कोण कधी उडणार हे ते ठरवत आणि आमच्या प्रत्येक तासावर सही त्यांची लागे. त्या दिवशी चार वाजता त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"नऊ तारखेला मी विमान वर काढलतं. ध्यानात हाय?"

"व्हय की. इंजिन बघायला."

"पंचेचाळीस मिनिटं. एकटाच हुतो. विमान खरंच उडालंय, इंजिनाचे तास लिवल्यात, टॉवरकडं येळ लिवलेली हाय. फकस्त आत कोण हुतं, तेवढं बदलायचं. माझ्या जागी तुझं नाव."

मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या धंद्यात याला पेनाचे तास म्हणतात. विमान जागेवर आणि पेन हवेत. इथं तर विमानही उडालेलं होतं. म्हणजे खोट्यातलं सगळ्यात धुतलेलं खोटं.

"सर, रेडिओवर आवाज तुमचा असंल की."

"तीन आठवडं झालं त्याला. कोण बसलंय ऐकत? तू लिही, मी सही करतो, रात्रीपतूर अर्ज जाईल." ते खाली बघून बोलत होते. असलं काम त्यांनी आधी कधी केलं नसावं. "पाच वर्षं बघतोय मी तुला. तुला उडवायला येतंय. वीस मिनिटांपायी तू घरात बसावंस हे मला बघवंना."

रडू येईल असं वाटलं, म्हणून मी चिडले. "सर, खोटं कशाला? दोन वर्षांमागं सोलापूरहून येताना जे झालतं, ते तर माझंच..."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "त्यो विषय संपलाय, तेजस्वी."

"उद्या सांगतो," मी म्हणाले आणि उठले. आमच्याकडं बायकासुद्धा बोलताना 'सांगतो, येतो'च म्हणतात, तेव्हा दचकू नका.

बाहेर बाकावर अंतरा बसली होती. एकोणीस वर्षांची, राजारामपुरीतल्या शिक्षिकेची मुलगी, बावीस तास झालेली. ढग उघडले की तिची पहिली लांबची फेरी होती, सरांबरोबर सोलापूरला जाऊन यायची. नकाशावर पेन्सिलीनं रेघ मारून मारून तिनं कागद फाटायला आणला होता.

आता तो संपलेला विषय सांगते.

सरांची शिकवायची एक पद्धत होती. विमान वर जाऊन स्थिर झालं की ते दोन्ही हात काखेत घालत आणि म्हणत, "मी न्हाय असं समज." त्यानंतर दिशा चुको, उंची घसरो, सर तोंड उघडत नसत. कधी कधी डोळेही मिटून घेत. पोरं घाबरायची, पण तयारही व्हायची. या पद्धतीबद्दल सर सगळीकडं प्रसिद्ध होते आणि आम्हाला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी त्यांच्याबरोबर सोलापूरहून परत येत होते. कवठेमहांकाळजवळ सर म्हणाले, "मी न्हाय असं समज," आणि त्यांनी डोळे मिटले. मी घड्याळ बघितलं. वैमानिकाला ती खोडच असते. मग मी चांगली दहा मिनिटं ते नाहीत असं समजत राहिले. शेजारी माणूस बेशुद्ध पडलाय आणि मी मनात म्हणतेय, आज परीक्षा फारच कडक आहे. ही चूक जगात फक्त आमच्या हँगरमधलंच पोर करू जाणे. सरांनी शाबासकी द्यावी म्हणून मी आणखी ताठ बसले होते.

मग त्यांचं अंग पुढं घसरलं, पाय त्यांच्या बाजूच्या पेडलवर पडला आणि विमानाचं नाक उजवीकडं वळायला लागलं. मी हाका मारल्या. दंडाला चिमटा काढला. एका हातानं विमान धरून दुसऱ्या हातानं त्यांचा पाय ओढून बाजूला केला आणि खांद्याचा पट्टा आवळून त्यांना खुर्चीला बांधल्यासारखं केलं. श्वास चालू होता. तोंडातून लाळ गळत होती.

रेडिओवर 'संकटात आहे' एवढं म्हटलं असतं, तर धावपट्टीवर डॉक्टर, रुग्णवाहिका सगळं उभं राहिलं असतं. मी म्हटलं नाही. सरांचं मेडिकल, म्हणजे उडायला तब्येत ठीक असल्याचा दाखला, गेलं तर शाळा बंद, शाळा बंद तर माझे तास बंद. बेशुद्ध माणूस शेजारी घेऊन मी हा विचार केला. एवढी मी हुशार. नेहमीच्या आवाजात टॉवरशी बोलले आणि विमान उतरवलं. चाकं टेकली तेव्हा पुन्हा घड्याळ बघितलं. सव्वीस मिनिटं झाली होती.

विमान हँगरकडं वळवताना सरांनी डोळे उघडले. घामानं शर्ट भिजलेला. "काय झालतं मला?"

"डोळा लागलता, सर. दोन-तीन मिनिटं."

"साखर कमी झाली असंल," ते म्हणाले. त्यांना गोळ्या चालू होत्या हे मला तेव्हा कळलं. "कुणाला बोलू नगंस."

मी बोलले नाही. माझ्या वहीत त्या दिवसापुढं लागलं: शिकवणी, एक तास पस्तीस मिनिटं, समाधानकारक. सर खाली सही करताना म्हणाले, दोन मिनिटांपायी कशाला बोभाटा. खरा आकडा सांगितला असता तर ते त्याच दिवशी स्वतः डॉक्टरांकडं गेले असते आणि लायसन ठेवून आले असते. तसा माणूस आहे. म्हणूनच मी सांगितला नव्हता. पुढच्या तपासण्यांत त्यांची साखर ऐन वेळी बरोबर कशी येत गेली, तेही मी कधी विचारलं नाही.

तर अठ्ठावीसच्या संध्याकाळी घरी आले. माझे वडील जोतीराम, म्हणजे आमचे अण्णा, दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत. ते नुकतेच फेरी करून आले होते आणि पाय सोडून बसले होते. आई भाकरी थापत होती. नऊ तारखेचं सगळं मी सांगितलं.

"मग घे की," अण्णा म्हणाले. "विमान उडालंय, पेट्रोल जळलंय. कुणाचं काय जातंय?"

आईनं भाकरी उलटली. माझी आई शालूबाई म्हणजे राधानगरीकडचं माणूस. तिला गोलमोल बोलता येत नाही. "नऊ तारखेला इमानात कारभारी कोण हुतं?"

अण्णा हसले. "कारभारी न्हवं गं, पायलट."

"तेच. कोण हुतं?"

"सर," मी म्हणाले.

"मग तुजं नाव कसं?"

दिवसभराचं सगळं तिथं फुटलं. "मी एकदा खरीखुरी कारभारी झालतो, आई! त्याला माझं नाव न्हाय लागलं, आन हितं खोटं लावायचं म्हणत्यात!" आणि दोन वर्षं पोटात ठेवलेलं मी चुलीपुढं सगळं ओकून टाकलं. सव्वीस मिनिटंही सांगितली आणि मी सरांना सांगितलेली दोन-तीन मिनिटंही. तव्यावरची भाकरी करपली तरी आईचा हात हलला नाही.

अण्णाच आधी बोलले, आता हसणं गेलं होतं. "माझ्या टँकरवर क्लीनरनं स्टेअरिंग धरलं आन कुणाला ठोकलं, तर पोलीस माझीच गचांडी धरत्यात. फेरी माझ्या नावावर. पर मीच मेल्यागत पडलो असंल तर..."

"तर जागं हाय त्ये कारभारी," आई म्हणाली. "कारभारी म्हंजे निस्ता म्होरं बसणारा न्हवं. झालं-गेलं ज्याच्या अंगावर येतं, त्यो." मग तिनं माझ्याकडं बघितलं. तसं ती कधी बघत नाही. "आन त्यो माणूस आजून लोकांच्या पोरी घिऊन वर जातोय?"

मी दोन वर्षं हे सगळं माझ्या तासांचं प्रकरण समजत होते. माझे तास मला मिळाले नाहीत, एवढीच त्यातली मला दिसलेली अडचण. ताट पुढ्यात आलं होतं, मी त्याला हात लावू शकले नाही. आईनंही जेव म्हटलं नाही.

एकोणतीसला सकाळी उठले तर आकाश निळं. पन्हाळ्याच्या बाजूला एक पांढरा पट्टा सोडला तर कुठं काही नाही. सात वाजता मी हँगरवर होते. सर दारातच उभे होते, चेहरा लग्नघरासारखा.

"बघितलंस? आभाळानंच सोय केली! आता खोटं लिवायचं कामच न्हाय. अंतराला सोलापूर करून आणतो. साडेदहाला विमान तुझं. एकटी जा, अर्धा तास धावपट्टीभोवती फेऱ्या मार, दुपारी अर्ज."

खरे तास. माझे, एकटीचे, कुणाचं नाव न खोडता. मला सरांच्या पाया पडावंसं वाटलं.

"सर, आधी मी जातो की. अर्ध्या तासात येतो."

"सोलापूरला साडेसातची येळ मिळालीय. ती गेली की आज मिळत न्हाय."

मी हे विचारलं ते अंतराच्या काळजीनं नव्हे. आधी माझे तास पदरात पाडून घ्यावेत आणि मग तोंड उघडावं, असा माझा बेत होता. तो फसला तेव्हा मी गप्प बाकावर बसले आणि स्वतःला समजावायला लागले, की दोन वर्षांत काही झालं नाही, मग आज तीन तासांत काय होणार.

अंतरा विमानाभोवती फिरून तपासणी करत होती. चाकं बघितली, पंखाची टोकं हलवून बघितली, इंधन बाटलीत काढून उजेडात धरलं. सगळं यादीबरहुकूम. मग हात पुसत माझ्याकडं आली.

"ताई, एक विचारू? सर वर गेल्यावर खरंच काही बोलत नाहीत?"

"न्हाय."

"डोळे मिटतात म्हणे."

"कधी कधी."

"म्हणजे ते गप्प झाले की परीक्षा चालू आहे असं समजायचं, ना? काही झालं तरी त्यांना हाक मारायची नाही?" ती हसली. "मी ठरवलंय, अजिबात हाक मारणार नाही."

बावीस तास. तिला एकटीनं विमान उतरवता येत नव्हतं. एकटीनं ती अजून वर गेलीच नव्हती. मी दहा मिनिटं वाया घालवली होती, ही तर आज्ञाधारक पोरगी होती, जमीन दिसेपर्यंत हाक मारणार नाही.

मी उठले, विमानाचं दार उघडून किल्ली काढली आणि खिशात टाकली. अंतरा "ताई, अहो काय करताय?" म्हणत राहिली. मी सरळ ऑफिसात गेले. सर उड्डाणाच्या वहीत वेळ लिहीत होते.

"सर, दोन मिनिटं न्हवती."

"काय?"

"सोलापूरहून येताना. दोन-तीन मिनिटं न्हवती. सव्वीस मिनिटं हुती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "रेडिओवर कोण बोलत हुतं?"

"मी."

"आन उतरवलं?"

"मीच. तुमचा पाय पेडलवर पडलता. तुमाला पट्ट्यानं आवळून बसवलतं."

"मग दोन मिनिटं का म्हणालीस?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुमी थांबला असता म्हणून. तुमी थांबला असता तर माझे तास थांबले असते."

सर खुर्चीत बसले. उजव्या हाताचा अंगठा ते बोटांच्या पेरांवरून फिरवायला लागले. "ऋतुराज. स्नेहल. राजवीरला तर चार येळा घेऊन गेलो. क्रांती... क्रांतीला रातच्याला घेऊन गेलतो." ते थांबले. "मला वाटायचं, डुलकी आली असंल. कुणालाबी येती. दोन मिनिटांची."

त्यांनी समोरची वही मिटली. मी वाट बघत होते, की ते मला शिव्या देतील. त्यांनी फक्त शर्टाच्या खिशातून गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अंतराला सांग, आज न्हाय."

तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलेय. बाहेर आकाश निळं होतं, विमान तपासून तयार होतं, किल्ली माझ्या खिशात होती.

"सर," मी म्हणाले, "अंतराला नगं न्हेऊ. पर मला जाऊ द्या. एकटी जातो. तुमी हितंच बसा. एक सही करा, अर्ध्या तासात येतो, मग आपण दोघं मिळून कळवू."

"माझी सही चालंल का आता?"

"काल चालत हुती की!"

"काल मला दोन मिनिटं म्हाईत हुती."

मी टेबलाला दोन्ही हात लावले. हे लिहिताना लाज वाटते, पण मी विनवण्या केल्या. पाच वर्षं म्हणाले, परीक्षा म्हणाले, एकतीस तारीख म्हणाले. वीस मिनिटं, सर, फक्त वीस. खोटं नाही, खरं उडणार आहे मी. ज्या माणसाला काल खोटं लिहायला नकार दिला नव्हता, त्याच्याकडं आज खऱ्यासाठी भीक मागत होते.

"माझं मेडिकल खरं असंल तर माझी सही खरी," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसतही नव्हते. "काल तू व्हय म्हणाली असतीस तर मी तुझ्यापायी खोटंबी केलं असतं, पोरी. आज तूच मला खरं सांगितलंस. आता मला न्हाय जमत."

मग त्यांनीच कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. विमान विभागाला घटना कळवायचा फॉर्म असतो. तारीख, विमान, कुठून कुठं, काय झालं. मी भरत गेले. सर पाठीमागं उभे राहून वाचत होते. सव्वीस मिनिटं लिहिली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

मग आला तो रकाना: त्या वेळी कमांडमध्ये कोण होतं, त्याचं नाव.

"माझं घाल," सर म्हणाले. "कागदावर मीच हुतो. तू शिकाऊ. तुझ्या केसालाबी धक्का लागायचा न्हाय."

ते खरं बोलत होते. वर काहीही झालं, तर ते कळवायची जबाबदारी कमांडरची असते. त्यांचं नाव घातलं तर दोन वर्षांची लपवाछपवी त्यांच्या माथी. मी एक घाबरलेली विद्यार्थिनी. चार प्रश्न विचारतील आणि सोडून देतील. कधीतरी परीक्षा पुन्हा देता येतील. माझं नाव घातलं तर ती सव्वीस मिनिटं माझी, आणि ती लपवली तीही मीच. त्यातलं एक मिनिटही लायसनसाठी धरलं जाणार नव्हतं, कारण शिकाऊ वैमानिकाला माणूस शेजारी घेऊन कमांड करायचा हक्कच नसतो. वर कारवाई, आणि किती वर्षांची ते कोण सांगणार. पाच वर्षं या एका रकान्यात माझं नाव यावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं.

पण त्या सव्वीस मिनिटांत टॉवरला सांगायचं नाही, हे कुणी ठरवलं होतं? सर तर शुद्धीत नव्हते. खाली आल्यावर दोन मिनिटं सांगायची, हेही मीच ठरवलं होतं. विमानात एकच माणूस निर्णय घेत होता.

मी माझं नाव टाईप केलं. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. मी बटण दाबलं.

बाहेर आले तर अंतरा विमानापाशी उभी होती, गळ्यात हेडफोन, हातात तो नकाशा. तिला बहुतेक सगळं ऐकू गेलं होतं. पत्र्याचा हँगर तो, त्यात काय लपतं.

"शाळा बंद होणार?" तिनं विचारलं.

"बहुतेक व्हय."

"माझे बावीस तास झालेत, ताई. दुसरीकडं कुठं जाऊ मी? आई कुठं कुठं पाठवेल मला?"

"माझं पण गेलं, अंतरा," मी म्हणाले. "सगळंच गेलं." तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले की मला, ते सांगता येत नाही.

तिनं नकाशाची घडी घातली. ती नीट बसेना, तिनं पुन्हा घातली.

"तुमचं तुम्ही घालवलंत," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी बोलला असता, तर मी इथं आलेच नसते."